प्रेमवाचक नावे : अर्थ आणि आचार

आपल्या धार आणि देवास येथील मराठी कुटुंबांच्या वंशावळी चाळल्या तर प्रेमवाचक नावांची संख्या लहान नाही असे दिसून येते. प्रेमा, प्रिया, प्रीती, ममता, माया, वत्सला, स्नेहलता, सुमित्रा ही मुलींची. मोहन, मदन, अनुराग, रमाकांत, वल्लभ, सखाराम ही मुलांची. नाव ठेवते वेळी अर्थाची मोठ्या उत्साहाने विचारपूस होते. बारशाचा पाळणा उतरला की तो अर्थ विस्मृतीत जातो. आणि मुलगी असेल तर वीस-पंचवीस वर्षांनी, विवाहाच्या दिवशी, अर्थाबरोबर ते नावही पुष्कळदा पुसले जाते. या दोन्ही गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे असे आम्हांस वाटते. म्हणून आधी अर्थाचा आणि मग आचाराचा विचार करू.

नामकरणाविषयी गृह्यसूत्रांत बारीक नियम सांगितले आहेत. शुक्ल यजुर्वेदीयांच्या पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणे दहाव्या दिवशी पित्याने नाव ठेवावे. (आपल्याकडे तो मान आत्याने पटकावला, आणि कानात ‘कुर्र’ करण्याचा तिचा हक्क कोणताही सूत्रकार आता हिरावून घेऊ शकणार नाही!) मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, ते धातूपासून बनलेले, म्हणजे कृदंत असावे. मुलीचे नाव विषम अक्षरांचे, आकारान्त आणि तद्धित, म्हणजे नामाला प्रत्यय लागून झालेले असावे. मनुस्मृतीत याच्या जोडीला असे सांगितले आहे की, स्त्रीचे नाव उच्चारावयास सोपे, कठोरपणा नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनास आवडणारे आणि मंगल असावे.

या कसोटीस आपली नावे लावून पाहिली तर मौज वाटते. ‘ममता’ हे नाव पाहा. तीन अक्षरे, शेवटी आकार, आणि ‘मम’ या शब्दाला ‘ता’ प्रत्यय लागून झालेले तद्धित रूप. सूत्रकाराने हेच नाव समोर ठेवून नियम लिहिला असावा इतके ते चपखल बसते. नाव जुनेही आहे. दीर्घतमा ऋषीच्या मातेचे नाव ममता. म्हणून ऋग्वेदात त्यास ‘मामतेय’ असे म्हटले आहे. मातेच्या नावाने ओळखला जाणारा तो ऋषी आहे.

‘वत्सला’ हेही तसेच. वत्स म्हणजे वासरू. त्याला ‘ल’ प्रत्यय लागून वत्सल शब्द झाला. आणि हा प्रत्यय येथे ओढ, आसक्ती या अर्थाने लागतो असे पाणिनीने एका स्वतंत्र सूत्रात नोंदून ठेवले आहे. संध्याकाळी रानातून परतणारी गाय गोठ्याच्या दिशेने ज्या आवेगाने धावते, तो आवेग या तीन अक्षरांत आहे. बलरामाची कन्या वत्सला आणि अभिमन्यू यांच्या विवाहाची कथा व्यासांच्या महाभारतात नाही, ती लोककथेतली. परंतु ‘वत्सलाहरणा’च्या आख्यानाने हे नाव मराठी घरांत रुजविले.

‘प्रेमा’ या नावाची कथा निराळी. संस्कृतात मूळ शब्द प्रेमन्. ‘प्रिय’ शब्दाला भाववाचक प्रत्यय लागताना प्रियचे ‘प्र’ होते आणि प्रेमन् सिद्ध होतो. हा शब्द पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी असा दोन्ही आहे. नपुंसकलिंगी रूप ‘प्रेम’, आणि आत्मन्‌चे आत्मा व्हावे तसे पुल्लिंगी रूप ‘प्रेमा’. म्हणजे आपल्या घरातील प्रेमाताईंचे नाव व्याकरणाने पुरुषाचे ठरते! मराठी कानाला आकारान्त शब्द स्त्रीचा वाटतो, म्हणून महिमा, गरिमा यांच्याप्रमाणे प्रेमाही मुलींकडे आली. यात काही बिघडले असे आम्ही मानीत नाही. भाषा शिष्टांच्या संमतीची वाट पाहत नाही.

सखाराम आणि सुमित्रा ही सख्यभक्तीची नावे आहेत असे म्हणता येईल. मित्र हा शब्द ‘मिद्’ म्हणजे स्निग्ध होणे या धातूपासून सांगतात. मेद शब्दही त्याच धातूचा. ‘स्नेह’ या शब्दाचा मूळ अर्थही तेल-तूप असाच आहे. वैद्य आजही ‘स्नेहन’ म्हणतात ते तेल जिरविण्यास. तेव्हा स्नेहलता आणि सुमित्रा या अर्थाने सख्ख्या बहिणी होत. आपल्या माळव्यात सुमित्रा हे नाव सर्वांच्या ओळखीचे झाले ते श्रीमती सुमित्रा महाजन यांच्यामुळे. चिपळूणच्या माहेराहून इंदूरला आलेल्या या मराठी सूनबाई १९८९ पासून २०१९ पर्यंत इंदूरच्या खासदार होत्या आणि शेवटची पाच वर्षे लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. साऱ्या शहराने मात्र त्यांना ‘ताई’ म्हटले. या ‘ताई’कडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

आता एक शंका वाचकांच्या मनात उभी राहिली असेल. कीर्तनात, प्रवचनात आपण ऐकतो की अहंता आणि ममता ही बंधनाची दोन मुळे आहेत. ‘मी’ आणि ‘माझे’ सुटल्यावाचून सुटका नाही. मग जे टाकावयाचे तेच नाव कन्येला ठेवावयाचे? आणि माया! वेदान्तात माया म्हणजे जगाचा खोटा पसारा. ती मुलगी म्हणून पाळण्यात घालावी काय?

या शंकेचे उत्तर आम्हांस धारच्याच मातीत सापडते. अकराव्या शतकात धारानगरीत राज्य करणाऱ्या भोजराजाने ‘शृंगारप्रकाश’ नावाचा छत्तीस प्रकाशांचा विशाल ग्रंथ लिहिला. साहित्यशास्त्रकार आठ किंवा नऊ रस मानतात. भोजाने ठामपणे सांगितले की रस एकच, आणि तो शृंगार. मात्र येथे शृंगार म्हणजे केवळ स्त्रीपुरुषांची प्रीती असे समजू नये. शृंगाचा, म्हणजे शिखराचा मार्ग दाखविणारा तो शृंगार अशी फोड त्याने केली. या रसाचे अधिष्ठान कोणते? तर अहंकार. अहंकार म्हणजे गर्व नव्हे. माणसाच्या ठायी असलेली ‘मी आहे’ ही जाण. ती जाण असते म्हणूनच माणसाला दुसरे काही आपले वाटू शकते, दुसऱ्याचे सुख आपले म्हणता येते. वीर असो, करुण असो, सर्व भाव अखेर प्रेमाच्याच रूपास पोहोचतात असे भोजाचे म्हणणे आहे. ज्या ‘मी’पणाला वेदान्ती बेडी म्हणतात त्याला या राजाने प्रेमाचे बीज म्हटले.

दोन्ही मते एका ठिकाणी नांदू शकतात की नाही हा वाद पंडितांनी करावा. पाळण्यापाशी उभ्या असलेल्या मातेने मात्र तो केव्हाच निकालात काढला आहे. ती ‘ममता’ म्हणते तेव्हा तिला बंधनाचे भय नसते. हे मूल माझे आहे, एवढेच तिला म्हणावयाचे असते.

‘माया’ शब्दाला तर मराठीने इतके आपलेसे केले आहे की संस्कृत कोशकारांनी तोंडात बोट घालावे. आपण माया करतो, माया लावतो, पोटात माया असते, आतड्याची माया तुटत नाही. शिवणाऱ्या बायका परकराच्या किंवा झबल्याच्या शिवणीत थोडे जास्तीचे कापड दुमडून ठेवतात. पुढे अंग भरले की उसवून वाढविता यावे म्हणून. त्या कापडालाही माया म्हणतात. मूल वाढणार आहे हे जाणून आधीच ठेवलेली जागा, याहून मायेची नेमकी व्याख्या आमच्या वाचनात आलेली नाही. ‘लोभ’ शब्दाचेही तेच. संस्कृतात तो षड्‌रिपूंपैकी एक. आपल्या पत्राच्या शेवटी मात्र तो ‘लोभ असावा’ म्हणून हात जोडून उभा राहतो.

हे मुद्दाम विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, माळव्यातील आपल्या मुलांच्या कानांवर घराबाहेर हिंदी पडते. हिंदीत माया म्हणजे ईश्वराची लीला किंवा पैसाअडका. आईच्या पोटातली माया त्या शब्दात नाही. शाळेत जाणाऱ्या मायाला तिच्या नावाचा अर्थ ‘मोह, धोका’ असा कोणी सांगितला आणि घरी कोणी दुसरा अर्थ सांगितला नाही, तर तिला आपले नाव जन्मभर ओझे वाटावयाचे. राग या शब्दाची गंमत याहून मोठी. संस्कृतात राग म्हणजे रंग आणि त्यावरून प्रीती, त्यातूनच अनुराग. मराठीत राग म्हणजे संताप. आणि देवासला राग म्हटले की गाणे आठवावयाचे! बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व, १९४८ साली देवासला आले आणि १९९२ साली निधन होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांनी जे नवे राग बांधले त्यांत एक ‘लगनगांधार’ आणि एक ‘सहेली तोडी’ आहे. लगन म्हणजे जडलेली प्रीत, सहेली म्हणजे सखी. मुलांप्रमाणे रागांनाही प्रेमवाचक नावे ठेवता येतात हे देवासने पाहिले. आपल्या प्रेमकवितांनी मराठी मनावर राज्य केलेले कविवर्य भा. रा. तांबे यांच्या शालेय शिक्षणाचा काही काळही देवासलाच गेला होता.

मुलांच्या नावांकडे वळताना प्रथम ‘मदन’ घ्यावयास हवा, कारण तोही धारचाच. १९०३ साली धार येथे एक मोठी कोरीव शिला उजेडात आली. धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे काशिनाथ कृष्ण लेले यांनी तिच्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि तिच्यावर ‘पारिजातमंजरी’ नावाची नाटिका कोरलेली आहे असे आढळले. तेराव्या शतकाच्या आरंभी धारेत राज्य करणाऱ्या अर्जुनवर्मा परमाराच्या दरबारातील राजगुरूने ती रचली. वसंतोत्सवात ती धारेतच सादर व्हावयाची होती. गुर्जरांवर विजय मिळविलेल्या राजाच्या छातीवर पारिजाताची मंजरी पडते आणि तिची कन्या होते, अशी कल्पना. नाटिका चार अंकांची. पहिले दोन अंक तेवढे हाती आले आहेत. या कवीचे नाव मदन, आणि पदवी बालसरस्वती. राजा अर्जुनवर्माही शिष्य शोभावा असा. अमरुशतक या संस्कृत प्रेमकाव्यावर त्याने ‘रसिकसंजीवनी’ नावाची टीका लिहिली आणि तीत आपल्या उपाध्याय मदनाचे श्लोक उद्धृत केले. शिक्षकाचे नाव कामदेवाचे आणि विद्यार्थी प्रेमकाव्याचा टीकाकार! आज मदन नाव ठेवताना संकोचणाऱ्या आईबापांनी हे ध्यानी घ्यावे. बीड जिल्ह्यातील कपिलधारचे वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांचेही नाव कामदेवाचेच; वैराग्याच्या आड ते आले नाही.

रमाकांत, उमाकांत, राधाकांत या नावांत एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. ‘कांत’ हे ‘कम्’ म्हणजे इच्छिणे, प्रेम करणे या धातूचे कर्मणि रूप. त्याचा अर्थ ‘ज्यावर प्रेम केले गेले तो’. रमाकांत म्हणजे रमेने ज्याच्यावर प्रीती केली तो. म्हणजे नाव मुलाचे असले तरी प्रेम करणारी रमा आहे. देवाची ओळख देवीच्या प्रीतीवरून झाली आहे. वल्लभ शब्दही याच भावाचा. भोजाचा चुलता वाक्पती मुंज आपल्या ताम्रपटांत स्वतःस ‘पृथ्वीवल्लभ’ म्हणवितो. ‘पृथ्वीपती’ म्हटले तर सत्ता कळते. ‘वल्लभ’ म्हणताना मात्र पृथ्वीने आपल्यावर प्रेम करावे अशी अपेक्षा राजाने बाळगली. परमार या कुलनामाचा अर्थ ‘शत्रूंस मारणारा’ असा सांगतात, आणि त्या नावापासूनच धार-देवासच्या पवारांचे नाव आले असे मानले जाते. मारणाऱ्या कुळाला वल्लभ पदवी शोभून दिसावी, हाही योगच. प्रियदर्शी अशोकाच्या ‘देवानांप्रिय’ या बिरुदाची मात्र पुढे दुर्दशा झाली. उत्तरकालीन संस्कृतात त्याचा अर्थ चक्क मूर्ख असा होऊन बसला.

आडनावांत प्रेम शोधू जाणाऱ्यांची बहुधा निराशा होते. लाड हे आडनाव कोडकौतुकाचे नव्हे. दक्षिण गुजरातच्या जुन्या लाट देशावरून ते आले. प्रियोळकर गोव्यातील प्रियोळ गावचे, मयेकर मये गावचे. प्रिय आणि माया यांच्याशी त्यांचा संबंध नाही. गोडबोले तेवढे खरोखर गोड बोलण्यावरून आले असावेत. आपली आडनावे गाव, हुद्दा आणि कधी कधी पूर्वजांची खोड सांगतात. हृदयाची गोष्ट ती सांगत नाहीत, आणि त्यांजकडून ती अपेक्षाही धरू नये.

हृदयाची गोष्ट सांगतात ती कोशात न सापडणारी नावे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत जुनी आहे. १७७५ साली धारच्या किल्ल्यात आनंदीबाईंच्या पोटी जन्मलेल्या राघोबादादांच्या पुत्राला आजोबांचे बाजीराव हेच नाव मिळाले. पण अशा नावाने अडचण होई. सुनेने सासऱ्यांचे नाव उच्चारावयाचे नाही. मग त्याच नावाच्या मुलाला तिने हाक कशी मारावी? म्हणून त्या मुलाला बाळ, आबा, बापू, दादा असे म्हणावयाचे. बोलण्यावरील बंधनातून लाडकी नावे जन्मास आली. राजघराणीही याला अपवाद नव्हती. देवास थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे बापूसाहेब. धाकट्या पातीचे मल्हारराव हे बाबासाहेब आणि सदाशिवराव हे खासेसाहेब. १९२१ साली थोरल्या पातीच्या दरबारात चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनी १९५३ साली देवासच्या आठवणींचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातही महाराज ‘बापूसाहेब’च आहेत. इंदूरच्या ‘ताई’ याच परंपरेतल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिंदे-होळकरांच्या धामधुमीत धारचे राज्य ज्यांनी हिमतीने राखले त्या मैनाबाई पवारांचे नावही पाखराचे आहे. मैना, साळू, चिमणा ही आई लेकीला मारते त्या हाकांचीच नावे.

पतीचे नाव न घेण्याचा संकेतही असाच. नित्य व्यवहारात जे ओठांवर आणावयाचे नाही ते मंगलप्रसंगी उखाण्यात, चारचौघींच्या आग्रहावरून, लाजत घ्यावयाचे. ‘नाव घेणे’ या दोन शब्दांचा हा अर्थ परभाषेत सांगू गेल्यास पानभर लिहावे लागेल. या संकेतात स्त्रीवर घातलेला दाब होता हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यातून जे नाजूक निर्माण झाले तेही नाकारता येत नाही.

तथापि ज्या आचारात नाजूक असे काही आम्हांस दिसत नाही तो आचार म्हणजे विवाहानंतर वधूचे नाव बदलणे. गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून वर सोन्याच्या अंगठीने त्यावर नवे नाव लिहितो, साखर वाटली जाते, आणि त्या क्षणापासून ‘ममता’ नाहीशी होते. पुष्कळदा निवड पतीच्या नावाशी जुळवून होते. रमाकांताची रमा, माधवाची माधवी. पुष्कळांचा समज असा की हा शास्त्राचा विधी आहे. तो तसा नाही. पारस्करांनी विवाहप्रकरणात पाणिग्रहण सांगितले, लाजाहोम सांगितला, सप्तपदी सांगितली, ध्रुवदर्शनही सांगितले. वधूचे नाव बदलण्याचा विधी तेथे नाही. नामकरण एकदाच, जन्मल्यानंतर. कायद्यानेही विवाहामुळे नाव बदललेच पाहिजे असे कोठे म्हटलेले नाही. उलट शाळेच्या दाखल्यावर एक आणि शिधापत्रिकेवर दुसरे नाव झाल्याने खेटे घालावे लागतात ते निराळेच.

नाव बदलण्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली जाते, ती न्यायाने नोंदविली पाहिजे. नव्या घराने सुनेला आपल्या प्रीतीने काही द्यावे, म्हणून नाव द्यावयाचे, असा तिचा आशय आहे. घरातील काही वृद्ध स्त्रिया सासरचे नाव मोठ्या अभिमानाने मिरवितात, आणि त्यांच्या आनंदाला नावे ठेवणारे आम्ही कोण? परंतु प्रीतीने द्यावयाचे तर हाकेचे नाव द्यावे. वहिनी, माई, काकू, अक्का ही नावे सासरच देते, आणि त्यांनी माहेरचे काही पुसले जात नाही. जे नाव आईने नऊ महिने मनात घोळविले, आत्याने कानात सांगितले, आणि ज्या नावाने वडिलांनी वीस वर्षे हाक मारली, ते ताटभर तांदळात बुजवावे हे आम्हांस पटत नाही. ‘माझी’ असे म्हणणारी ममता दुसऱ्या घरी गेली म्हणून तिचे माझेपण खोटे ठरत नाही.

अलीकडे काही कुटुंबांनी यावर एक सुरेख तोड काढली आहे. लक्ष्मीपूजन यथासांग होते, ताटात तांदूळ पसरले जातात, अंगठीही तीच. वर त्या तांदळांवर वधूचे माहेरचेच नाव लिहितो, शेजारी बसलेली वधू वराचे नाव लिहिते. मग दोघे उखाण्यात एकमेकांचे नाव घेतात. साखर पूर्वीप्रमाणेच वाटावयाची. ज्यांच्या घरी येत्या मार्गशीर्षात किंवा माघात कार्य आहे त्यांनी हे आपल्या पुरोहितांस आगाऊ कळवून ठेवावे. कारण नवे नाव काय म्हणून ते ऐन वेळी विचारतात, आणि घाईत कोणी तरी काही तरी सांगून मोकळे होते.